घाटात न्यूट्रल नको

सुट्ट्या लागल्या की आपल्यातली कितीतरी कुटुंबे मुंबई-पुण्याहून कोकणातल्या गावी निघतात. घाटाचा उतार सुरू झाला की मागच्या सीटवरून कुणी मामूजान हमखास सांगतात, "न्यूट्रल कर बेटा, पेट्रोल वाचेल." कार्बोरेटरच्या जमान्यात या सल्ल्यात थोडेफार तथ्य होते. आजच्या गाडीत मात्र त्याने पेट्रोल वाचत नाही, उलट जीव धोक्यात येतो. हे का, ते समजून घेण्यासाठी इंजिनात डोकावू या.

१ भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्बोरेटरमध्ये आत जाणारी हवाच पेट्रोल ओढून घेई. हिशेब ढोबळ असायचा, म्हणून थंडीत चोक ओढावा लागे. आता हे काम ईसीयू नावाचा छोटा संगणक करतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले आणि बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींतही हीच व्यवस्था आली.

ईसीयूला बातमी देतात ते सेन्सर. इंजिन किती वेगाने फिरते, हवा किती आली, पाणी किती तापले, ॲक्सिलरेटर किती दाबला, हे सारे त्याला क्षणोक्षणी कळत असते. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते तो ठरवतो. पंपाने पेट्रोलचा दाब कायम राखलेला असतो, म्हणून जितका वेळ जास्त तितके पेट्रोल जास्त. हा वेळ असतो सेकंदाचे काही हजारावे भाग! इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरची पाळी सेकंदाला २५ वेळा येते.

ठिणगीचेही तसेच. पेट्रोल पेटले तरी पूर्ण जळायला थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते, आणि वेग वाढला की आणखी आधी. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देऊ लागते. ते ठोके ऐकणारा सेन्सर असेल, तर ईसीयू लगेच ठिणगी किंचित मागे सरकवतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर तर आम्हा शिक्षकांसारखाच, दिलेले उत्तर तपासून चूक दाखवणारा. त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त होते.

आता घाटात येऊ. गाडी गिअरमध्ये आहे आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आहे. अशा वेळी चाकेच इंजिन फिरवत असतात. ईसीयू हे ओळखतो आणि इंजेक्टर बंदच करतो. पेट्रोलचा खर्च शून्य! वेग बराच उतरला की तो पुन्हा पेट्रोल सोडतो, म्हणून इंजिन बंद पडत नाही. न्यूट्रल केले तर चाकांचा आधार तुटतो आणि इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते. म्हणजे बचतीच्या नावाखाली खर्चच.

पण पेट्रोलचे राहू द्या. गिअरमधले इंजिन गाडीला मागे खेचून धरते. न्यूट्रलमध्ये हा आधार जातो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि तापले की पकड सुटू लागते. काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकचे पेडल कडक होते, स्टिअरिंगही जड होते. सोबत बायका-मुले, समोर वळण. कशाला ही जोखीम?

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना नियम आजही खरा आहे.

आणखी एक. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा नुसता लागला तर लवकर तपासून घ्यावे. तोच दिवा लुकलुकत असेल तर ठिणगी चुकते आहे आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जात आहे, असे समजावे. तिथला धूर शुद्ध करणारा महागडा भाग त्याने तापून खराब होतो. वेग कमी करावा आणि सुरक्षित जागी थांबून मेकॅनिकला बोलवावे. संगणकावर निघणारा कोड फक्त दुखणे कुठे आहे ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते नव्हे. म्हणून भाग बदलण्याआधी "तपासून पाहिलेत का?" असे जरूर विचारावे.

मामूजानचा मान राखावा, गिअर मात्र सोडू नये.