घरी आलेला प्राध्यापक

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून क्लासची आणि मोबाईल अ‍ॅपची माणसे फिरू लागतात. "मुलगी हुशार आहे, सायन्सला घाला, पैसे हप्त्याने भरा," असे गोड बोलून ती आई-वडिलांची सही घेऊन जातात. बाप पतपेढीचे कर्ज काढतो, आई कानातले गहाण ठेवते. मुलांच्या शिक्षणासाठी केलेल्या खर्चाला कोणी नावे ठेवणार नाही. परंतु सही करण्यापूर्वी, जे फुकट मिळते आहे ते आपण एकदा तरी पाहिले आहे काय, हा प्रश्न प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावा.

विद्यापीठातील प्राध्यापकाचे व्याख्यान दूरवर पोहोचवण्याचा खटाटोप आपल्या देशात नवा नाही. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर लागत असत. पण ते मुख्यतः इंग्रजीत आणि ठरावीक वेळेला. गिरणीत, कारखान्यात, धुण्याभांड्यांच्या कामावर गेलेल्या माणसांच्या घरात ते कोण पाहणार? पुढे २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी मिळून 'एनपीटीईएल' ही योजना सुरू केली. पवईची आयआयटी त्या सातांपैकी एक. ज्या फाटकातून आपली माणसे झाडलोटीला आणि बागकामाला आत जातात, त्या फाटकाच्या आतले वर्ग असे बाहेर आले. मात्र ती व्याख्याने कॉलेजच्या, त्यातही इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी होती.

शाळकरी वयाच्या मुलांना खरा उपयोग झाला तो २०१७ नंतर. त्या वर्षी ९ जुलैला तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी 'स्वयंप्रभा' या ३२ शैक्षणिक वाहिन्यांचे उद्घाटन केले. त्यात 'आयआयटी-पॅल' नावाच्या वाहिन्या आहेत. अकरावी-बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायॉलॉजी हे विषय त्यांवर आयआयटीचे प्राध्यापक आणि केंद्रीय विद्यालयांचे शिक्षक शिकवतात. रोज किमान चार तासांचे नवे कार्यक्रम दाखवायचे आणि तेच दिवसात आणखी पाच वेळा लावायचे, अशी योजना ठरली. चार सक चोवीस. म्हणजे दिवसा कामावर गेलेल्या मुलाला दुपारी हुकलेले व्याख्यान रात्री सापडावे, असा हिशेब. पुढे २०२० साली 'पीएम ई-विद्या'खाली पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी, असेही ठरले. डीडी फ्री डिशला छत्री आणि डबा एकदाच घ्यावा लागतो, महिन्याचे भाडे नाही. मोबाईलवर पाहायचे असल्यास यूट्यूबवरही ही व्याख्याने मिळतात.

इथपर्यंत जमेची बाजू झाली. आता नावेची बाजू पाहू.

पहिली अडचण भाषेची. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलीने विस्थापन, त्वरण, जडत्व हे सारे पाठ केलेले असते. पडद्यावरचे प्राध्यापक मात्र डिस्प्लेसमेंट, अ‍ॅक्सिलरेशन, इनर्शिया म्हणतात. पोरगी गोंधळते आणि समजते की आपल्यालाच डोके नाही. डोके आहे, ओळख नाही. यावर उपाय वहीचा. जमाखर्चाच्या वहीसारखे पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला मराठी. व्हॅलन्सी म्हणजे संयुजा, ऑस्मोसिस म्हणजे परासरण. रोज दहा शब्द लिहिले तरी महिन्याला तीनशे होतात. दिवाळीपर्यंत कान तयार होतो.

दुसरी अडचण पाहण्याच्या सवयीची. सिनेमा पाहावा तसे व्याख्यान पाहिले तर हाती काही लागत नाही. मान डोलते, पण गणित सुटत नाही. म्हणून आधी पाठ्यपुस्तकातला धडा वाचावा. मग तोच धडा शोधून व्याख्यान लावावे. मोबाईलवर असल्यास वेग कमी करावा, दर दहा मिनिटांनी थांबवावे, वहीत लिहावे आणि नंतर व्याख्यान बंद करून तेच उदाहरण न पाहता सोडवावे. एक तासाच्या व्याख्यानाला अडीच तास धरा. रोज चार व्याख्याने पाहणाऱ्यापेक्षा एकच नीट करणारा पुढे जातो.

तिसरी अडचण, पडदा प्रश्नाचे उत्तर देत नाही. प्रयोगशाळा तर त्यात मुळीच नाही. सबब कॉलेजला दांडी मारून घरी व्हिडिओ पाहणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे. न समजलेले वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावे आणि कॉलेजातल्या सरांना, मॅडमना जाऊन विचारावे. विचारायला लाजू नये. आपण फी भरतो, नाहीतर शासन आपल्या नावाने भरते.

चौथी अडचण मात्र घरातली आहे आणि ती आपणच दूर करू शकतो. दहा बाय बाराच्या खोलीत एक टीव्ही आणि एकच चांगला मोबाईल. मोबाईल बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या हातात. मुलीची पाळी येते ती भांडी घासून झाल्यावर, अकरा वाजता, डोळे मिटू लागल्यावर. सायन्सला घातली आणि तास दिला नाही, तर घातली कशाला? रात्री आठ ते साडेदहा टीव्हीवर मालिका नाही, मोबाईलवर रील नाही, आणि मुलीच्या वाट्याची भांडी त्या वेळात भावाने घासावीत, हे घरात बसून ठरवावे लागेल.

ज्यांच्या घरी हे जमणार नाही त्यांच्यासाठी वस्तीने पुढे यावे. विहारात किंवा समाजमंदिरात एक टीव्ही, एक डबा, एक फळा आणि बीएस्सी झालेला एखादा दादा किंवा ताई एवढे जमले तरी पुरे. व्याख्यान प्राध्यापकांचे, शंका सोडवायला आपला दादा. क्लासच्या एका मुलाच्या फीपेक्षा हा सारा खर्च कमीच भरेल आणि त्यात दहा-पंधरा मुले बसतील.

क्लास मुळीच लावू नये असे माझे म्हणणे नाही. एक महिना वरीलप्रमाणे करून पाहा. महिन्याअखेर मुलाची वही उघडून पाहा. वाचता येत नसेल तरी पाने भरली आहेत की कोरी, हे कोणत्याही आईला कळते. पाने भरलेली असतील आणि तरीही एखादा विषय अडत असेल, तर त्या एका विषयापुरती शिकवणी लावा. वही कोरी असेल तर लाखाचा क्लासही ती भरून देणार नाही.