खुर्चीची चाचणी आधी, रक्ताची नंतर

उतारवयात हाडं ठिसूळ होतात, हे घरोघरी ठाऊक आहे. स्नायूही झिजतात आणि सार्कोपेनिया नावाचा तो आजार आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. अमेरिकेच्या रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तोही २०१६ साली. रक्ताच्या एका थेंबावरून तो ओळखता यावा म्हणून जगभर संशोधन चालू आहे आणि ते चालूच राहावं. पण त्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणं मला मान्य नाही.

१. रक्तातला कोणताही एक घटक आज एकट्याने हे निदान करू शकत नाही. सीआरपी, इंटरल्युकिन-६, मायोस्टॅटिन, जीडीएफ-१५ असे कितीतरी घटक तपासले गेले. सीआरपी तर साध्या संसर्गानेही वाढतो. म्हणून तपासणीच्या पॅकेजमध्ये ‘स्नायूंची चाचणी’ म्हणून काही विकलं जात असेल, तर त्याची ही मर्यादा अहवालावरच मराठीत छापायला हवी.

२. रक्त काहीच सांगत नाही, असंही नाही. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. स्नायू आटले की ते तयारच कमी होतं. त्यामुळे मूत्रपिंडं थकलेली असूनही एखाद्या कृश आजींचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो, आणि त्याच आकड्यावर औषधाचा डोस ठरतो. हा खरा धोका आहे. मूत्रपिंडांची तपासणी सिस्टॅटिन सी या दुसऱ्या द्रव्यावरूनही होते; ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत तयार होतं. स्नायूंवर ते फारसं अवलंबून नसतं. दोन्ही मोजून गुणोत्तर काढलं, तर मूत्रपिंडांबरोबर स्नायूंचाही अंदाज येतो. सूज, स्टेरॉइड आणि थायरॉइडचे विकार यांनी सिस्टॅटिन सी बदलतं, त्यामुळे हाही अंदाजच. तरी हडकलेल्या वृद्धांसाठी ही तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत मिळालीच पाहिजे.

३. खुर्चीला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. हात छातीशी घ्यायचे आणि पाच वेळा उठून बसायचं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर शंका घ्यावी. मुठीची ताकद पुरुषांत २८ किलोंपेक्षा, स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी भरली, तरीही. हे आकडे मुख्यतः पूर्व आशियातल्या अभ्यासांवर बेतलेले आहेत. आपले निकष आपल्या माणसांवरून ठरवायला हवेत आणि त्याची सामग्री हाताशी आहे: मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८च्या ‘लासी’ या वार्धक्यविषयक पाहणीत देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक लोकांना गाठलं, त्यात मुठीची ताकद आणि चालण्याचा वेग मोजला, वाळवलेल्या रक्ताचे ठिपकेही गोळा केले.

४. आशाताई घरोघरी जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांना उभं राहताना, चालताना तोल जातो का, असा प्रश्न आहेच. त्याच्या जोडीला खुर्चीची चाचणी घाला. मात्र या वाढीव कामाचा मोबदला आशाताईंना मिळाला पाहिजे. फुकटात त्यांच्यावर आणखी ओझं नको.

५. यावर उपाय आहे. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. हे १९९० साली प्रसिद्ध झालं आहे. दुसरा उपाय ताटात आहे. तज्ज्ञ ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात (मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच). आपल्याकडे म्हातारी माणसं रात्री चहा-बिस्किटावर भागवतात, आणि घरातली बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. डाळ, अंडं, दूध, दही त्यांच्या ताटात आधी पडायला हवं.

६. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात. अशक्त स्नायूंमुळे पडून खुबा मोडू नये म्हणून आधी काय करायचं, याची तरतूद या दोन्हींत फार तोकडी आहे.

ज्येष्ठ नागरिक संघांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत बिनहातांची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, शेजारी धरायला कुणीतरी उभं करा आणि घड्याळ लावा. ज्यांना बारा सेकंद किंवा जास्त लागतील, त्यांची नावं त्यांच्या संमतीने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या.