दोष पत्तीचा नाही

‘ग्रीन टी म्हणजे कडू पाणी, वजन उतरवायचं म्हणून नाक दाबून प्यायचं.’ अकोल्यात काय, अमरावतीत काय, हे मत ठाम आहे. असं म्हणणाऱ्यांची जीभ खोटं बोलत नाही. त्यांच्या कपातलं पाणी कडूच असतं. पण ते कडू करतो आपण. गंजात खळखळ उकळी आणून पत्ती टाकायची, ही कडक चहाची रीत. हिरव्या पत्तीतली तुरट-कडवट कॅटेचिनं पाणी जितकं तापलेलं तितकी जास्त उतरतात. गोडसर चव देणारं थिॲनिन मात्र ७०-८० अंशांतही उतरतं. म्हणून उकळलेलं पाणी थोडं निवू द्यावं, मग पत्ती घालून दोन मिनिटांत गाळावं.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याची, आणि ती कोणी बोलतच नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचा दोष दूध-साखर झाकून घेतात. हिरवा चहा काहीच झाकत नाही. त्या पाण्यात उत्तम पत्तीही वाया जाते; काटेपूर्णेचं किंवा अप्पर वर्धेचं नळाचं गोडं पाणी घ्या, फरक पहिल्या घोटात कळेल.

‘चहा आपल्याकडे पिकत नाही, आपल्याला पारख कुठली?’ हे तर मला मुळीच मान्य नाही. बोटांत रुई ओढून धाग्याची लांबी सांगणारी माणसं याच मातीतली. पत्तीही तशीच पारखावी. ती अख्खी, वळलेली हवी, तिला ताज्या पाल्याचा वास हवा. पिवळट-तपकिरी पडली असेल तर ती जुनी. चीनमध्ये पत्ती कढईत परततात, जपानमध्ये वाफवतात, म्हणून एकीला भाजका वास आणि दुसरीला हिरवा. लांब जायचं नसेल तर हिमाचलातला कांगडा आहे. तिथल्या चहाला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. स्वस्त पुड्यांत बहुधा चुरा असतो, आणि लिंबू-तुळशीचा वास पुष्कळदा तो लपवायलाच असतो.

राहिलं वजन. त्यावर या चहाचा परिणाम अगदी किरकोळ. औषध म्हणून विकल्यामुळेच चव मागायची असते हे गिऱ्हाईक विसरलं. दुकानदारही वैशाखाच्या उन्हात काचेच्या बरण्या दारात मांडतो. ऊन आणि उष्णता हिरव्या पत्तीचे वैरीच. पत्ती हवाबंद, अपारदर्शक डब्यात हवी, आणि घेताना पॅकिंगची तारीख विचारायलाच हवी.