फेलोशिपला महागाई भत्ता का नाही?



आमच्या इटारसीच्या एका साथीची मुलगी जीवशास्त्रात पीएच.डी. करते. मध्यंतरी तिची फेलोशिप सलग चार महिने आलीच नाही. साथीने कर्मचारी सोसायटीतून कर्ज काढले आणि तिच्या मेसचे व खोलीभाड्याचे पैसे पाठवले. शाखेच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणाले, "हा विद्यार्थ्यांचा प्रश्न, युनियनचा काय संबंध?" आमच्या मते संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

ही मुलगी दिवसभर करते काय, ते आधी पाहू. प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर त्यांना ठरल्या दिवशी खाद्य बदलून द्यावे लागते. रविवार असो की दिवाळी, पेशी थांबत नाहीत. रात्री दोनला नमुना घ्यायचा असेल तर तो दोनलाच घ्यावा लागतो. मध्येच कुठे बुरशी शिरली तर महिन्यांचे काम फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रोस्टर नाही, ओव्हरटाइम नाही. आमच्या रनिंग स्टाफला हे वर्णन परके वाटणार नाही. पण रनिंग स्टाफला निदान कामगार म्हणतात, हिला विद्यार्थिनी म्हणतात.

आता पैशाचे. सीएसआयआर, यूजीसी किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची परीक्षा पार केल्यावर मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप २०१४ मध्ये दरमहा २५,००० रुपये झाली. त्यानंतर चार वर्षे एक पैसा वाढला नाही. २०१८ च्या अखेरीस देशभरचे संशोधक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे जानेवारी २०१९ पासून ३१,००० मिळाले. पुन्हा चार वर्षे शांतता. मग जानेवारी २०२३ पासून ३७,००० आणि दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२,०००. तो आदेशही जूनमध्ये निघाला. घरभाडे भत्ता केंद्राच्या नियमाने मिळतो, हे मान्य केले पाहिजे. महागाई भत्ता मात्र नाही. आणि ही झाली परीक्षा पार केलेल्यांची गोष्ट. केंद्रीय विद्यापीठांत बाकीच्यांना दरमहा ८,००० मिळत. २०१५ मध्ये यूजीसीने तेही बंद करायचे ठरवले. विद्यार्थी दिल्लीत यूजीसीच्या दारात ठाण मांडून बसले, म्हणून ते टिकले.

महागाई भत्ता आपल्यालाही कुणी दान दिलेला नाही. १९६० च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपात आणि १९७४ च्या रेल्वे संपात तो मागण्यांमध्ये होता. आज ग्राहक किंमत निर्देशांकावर वर्षातून दोनदा हिशेब होतो. कोविडच्या काळात सरकारने आपले तीन हप्ते गोठवले तेव्हा आपण किती तळमळलो, ते आठवा. फेलोशिपवाल्यांचे हप्ते कायमच गोठलेले असतात आणि चार वर्षांतून एकदा, तेही आरडाओरड केल्यावर, थोडे वितळतात.

याचा फटका कुणाला बसतो? घरी आधार आहे तो तग धरतो. फेलोशिपची मुदत पाच वर्षांची, आणि जीवशास्त्रातले प्रयोग मुदत पाहून संपत नाहीत. सहाव्या वर्षी पैसे बंद, प्रबंध अर्धवट. अशा वेळी गँगमनच्या मुलीने घरी काय सांगायचे?

"ते कर्मचारी नाहीत" हे उत्तर आपल्या टपाल खात्यातले साथी चांगले ओळखतात. अतिरिक्त विभागीय कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे हेच ऐकवले गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पदे नागरी पदे ठरवली, तरी ग्रामीण डाक सेवकांचा झगडा सुरूच राहिला. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात नोव्हेंबर २०२२ मध्ये ४८ हजार संशोधक व अध्यापन सहायक संपावर गेले. त्यातल्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांचा संप जवळजवळ सहा आठवडे चालला आणि ते पगारवाढ घेऊनच परतले. त्यांची युनियन कोणती? मोटार कामगारांची! कुणी त्यांना "तुमचा काय संबंध" असे विचारले असेल तर ते त्यांनी मनावर घेतलेले दिसत नाही.

येत्या अधिवेशनात आमची शाखा ठराव मांडणार आहे. फेलोशिप निर्देशांकाशी जोडावी, पगाराच्या तारखेलाच द्यावी, आणि प्रयोग रखडल्याचे मार्गदर्शकाने लिहून दिल्यास सहावे वर्ष मंजूर करावे. ज्या साथींची मुले-मुली प्रयोगशाळांत आहेत, त्यांनी फेलोशिप किती महिने थकली ते शाखा सचिवांना लेखी कळवावे. इटारसीच्या मुलीचे चार महिन्यांचे पैसे अखेर एकरकमी आले. सोसायटीचे व्याज मात्र अजून साथीच्या पगारातून कापले जात आहे.