आधी पैज, मग माप

सुट्टी लागली की चौथ्या दिवशी घराघरांतून एकच हाक ऐकू येते, "कंटाळा आलाय!" मग मोठी माणसं बाजारात जाऊन एखादं चकचकीत 'शैक्षणिक' खोकं घेऊन येतात. खोक्यावर वयोगट लिहिलेला, आत काय करायचं त्याचा कागद, आणि शेवटी काय होणार त्याचं रंगीत चित्र. दोन दिवसांत खोकं पलंगाखाली जातं आणि पोरांच्या नावाने खडे फोडले जातात. पोरांचं काय चुकलं? शेवट आधीच छापून दिलेली गोष्ट दुसऱ्यांदा कोण करील?

माझी विनंती साधी आहे. परीक्षा संपल्यावर प्रत्येक घरात एखादी अर्धी कोरी वही उरतेच, ती काढा आणि तिच्यावर 'पैजेची वही' असं लिहा. नियम दोनच. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर घरात कुणालाच ठाऊक नाही, आईबाबांनाही नाही. आणि मोजायला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून खाली सही करायची. आजीनेसुद्धा. सही झाली की मन अडकतं, आणि एकदा मन अडकलं की पोरांना हाका माराव्या लागत नाहीत.

सुरुवात विजेच्या मीटरपासून करा. हल्लीच्या बहुतेक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा एखादा आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज खर्च झाली की दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. इमारतीत मीटर बहुधा तळमजल्यावर असतात, त्यामुळे आपोआप दोन पथकं पडतात. एक वर बटणांपाशी, एक खाली मीटरसमोर, मध्ये फोन चालू. घरातलं सगळं बंद करून (फ्रिजसुद्धा, दहा मिनिटांनी काही बिघडत नाही) फक्त एक पंखा लावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. मीटर ३२०० चा असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० चा असेल तर २२५० ला. उत्तर वॅटमध्ये येतं. पंधरा सेकंद आले म्हणजे पंखा ७५ वॅटचा. नव्या धाटणीचा कमी वीज खाणारा पंखा असेल तर सदतीस-अडतीस सेकंद वाट बघावी लागते, म्हणजे तो जेमतेम ३० वॅट घेतो. गीझर लावल्यावर काय होतं ते इथे सांगत नाही, खाली उभं राहून बघण्यात मजा आहे.

हे दहा मिनिटांत आटपेल असं मात्र समजू नका. पंखा एकवर ठेवला तर वीज वाचते का, यावर आमच्याकडे जेवण थंड होईपर्यंत वाद झाला. भिंतीवरचा जुना, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर वीज त्याच्याच अंगात जिरते आणि बचत फारशी होत नाही. इलेक्ट्रॉनिक असेल तर होते. तुमच्याकडे कोणता आहे ते दिवा सांगेल. 'बंद' टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स यांचीही झडती घ्या. एक पथ्य मात्र पाळा. मीटर बघायचा, त्याला किंवा तिथल्या वायरींना हात लावायचा नाही, आणि लहान मुलांबरोबर खाली मोठं माणूस हवंच. घरात कुणाचं उपचाराचं यंत्र विजेवर चालत असेल तर हा खेळ सोडून द्या.

दुसरा खेळ पावसाळ्याच्या दुपारी लोळत खेळण्यासारखा. चार कवड्या किंवा मधोमध फोडलेले चिंचोके घेऊन जमिनीवर खडूने पट आखून खेळतात तो. त्याची नावं गावागणिक बदलतात, तुमच्या आजीला तिचं विचारा. चारही पालथे पडले की आठ, चारही उताणे पडले की चार, बाकी जेवढे उताणे तेवढं दान. आता विचारा, आठाला एवढा मान का? आधी चार नाणी घ्या, कारण नाण्याला पक्षपात नसतो. छापा म्हणजे उताणं. चार नाणी सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यांत दोन छापे येण्याच्या तऱ्हा सहा, एकाच्या चार, तिनाच्या चार, आणि चाराची व आठाची प्रत्येकी एकच. म्हणजे १६० वेळा टाकली तर साठेक वेळा दोन आणि दहाएक वेळा आठ यायला हवेत. धाकट्याने टाकायचं, थोरल्याने पाच-पाच रेघांच्या जुड्या करून नोंद ठेवायची, वाद झाला तर निवाडा आजीचा.

मग तेच १६० वेळा चिंचोक्यांनी करा. आकडे हमखास वाकडे येतात. चिंचोक्याची एक बाजू फुगीर, एक सपाट, तो कुठल्या कुशीवर पडेल ते त्याच्या अंगकाठीवर ठरतं. कुठले चिंचोके 'लकी' हे आमच्या लहानपणी ठाऊक होतं आणि ते फ्रॉकच्या खिशात लपवलेले असायचे. आम्ही त्याला नशीब म्हणत होतो. मुलगी कॉलेजात संभाव्यता शिकेल तेव्हा शिकेल, तिच्या हाताला ती आधीच माहीत असेल.

तिसऱ्या पैजेसाठी नागपूरला एखादा मामा आणि मुंबईला एखादी मावशी हवी. गच्चीत सपाट जागी पेन्सिल उभी करा आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सावली सगळ्यांत आखूड होते तो तुमच्या गावचा खरा मध्यान्ह. विचारून बघा, सगळे बारा वाजता म्हणतील. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि पश्चिमेकडे दर अंशाला सूर्य चार मिनिटं उशिरा येतो. त्यामुळे मुंबईची सावली नागपूरपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं उशिरा आखूड होते. मामा आणि मावशी एकाच दिवशी फोनवर आले की हे पुस्तकाशिवाय कळतं. मुंबईकरांनी आपला वेगळा 'बॉम्बे टाइम', प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागचा, १९५५ पर्यंत धरून ठेवला होता, तो हट्ट याच सावलीचा. आणि वर्षातून दोनदा, पुण्यात साधारण १३ मे आणि ३१ जुलैला, मुंबईत मे आणि जुलैच्या त्याच पंधरवड्यांत, सावली पेन्सिलीच्या पायाशी नाहीशी होते. जुलैत ढग दगा देतात, मे धरा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, सगळी गंमत जमिनीवरच आहे.

पावसाची पैज त्याहून सोपी. सरळ भिंतींचं कुठलंही भांडं उघड्यावर ठेवा आणि सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो. भांडं रुंद असो की अरुंद, पाण्याची उंची तीच येते. यावर लहान मुलं पैज हरतात आणि मोठीही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एवढं सांगितलं की पोरं गच्ची मोजायला स्वतःच पळतात. स्वयंपाकघरात हळदीच्या डागावर साबण लावा, लाल होईल. लिंबू पिळा, परत पिवळा. गोकर्णाच्या निळ्या फुलांच्या पाण्यावरही लिंबू पिळून बघा, रंग आधी वहीत लिहून. याहून पुढे जायचं असेल तर अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीतल्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि रद्दी यांतून केलेली शेकडो खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. मराठीतूनही.

आता आईबाबांना एक सांगते, राग मानू नका. खेळ संपल्यावर "मग काय शिकलास?" असं विचारू नका. त्या एका प्रश्नाने गच्चीची शाळा होते. फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायची घाई नको, टाकायचा तर वहीच्या पानाचा टाका, तुमच्या चुकलेल्या अंदाजासकट. आणि खोटं हरू नका. मुलांना ते लगेच कळतं. उत्तर येत असलेला प्रश्न तुम्ही गंमत म्हणून घुसडला तर तेही कळतं. रोजही करू नका, पंधरवड्यातून एक पैज पुष्कळ झाली. मधल्या दिवसांत कंटाळा आला तर येऊ द्या.

आमच्या वहीत सध्या एक पैज अडकून पडली आहे. माळ्यावरून जुनं मापटं निघालं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हा दुपटी-चौपटीचा हिशेब सासूबाईंनी एका दमात म्हणून दाखवला, आणि त्यातून प्रश्न निघाला, मापटंभर तांदळात दाणे किती? सासूबाईंनी वीस हजार लिहिले आहेत, नातवाने एक लाख. सगळे मोजायचे नाहीत, दहा ग्रॅम वजन करून तेवढेच मोजायचे आणि गुणायचं, इथवर एकमत झालंय. पण त्या म्हणतात इंद्रायणी घ्या, तो म्हणतो डब्यात आहे तो कोलम घ्या, आणि मापटं शिगोशीग भरायचं की काठोकाठ, हे अजून ठरायचंय.