सोवळ्यातला उंदीर

उंदीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोह्यांचा डबा कुरतडणारा चोरटा उभा राहतो. प्रयोगशाळेतला उंदीर त्याच्याच गोत्रातला. पण राहणी अशी की सोवळ्यातल्या आजीबाईंनीही मान खाली घालावी. पिंजरा निर्जंतुक, अन्नपाणी निर्जंतुक, हवासुद्धा गाळलेली! बिचाऱ्याला जन्मात साधे पडसे ठाऊक नसते.

या सोवळ्याची किंमत एकदा माणसांनी मोजली. रोगजंतूंशी झुंजण्यासाठी शरीर जी प्रथिने घडवते, त्यांना प्रतिपिंड म्हणतात. (शब्द शास्त्रशुद्ध आहे खरा, पण पिंड म्हटले की मला आधी कावळाच आठवतो!) जर्मनीतल्या एका कंपनीने असे एक प्रतिपिंड औषध म्हणून तयार केले. रक्तातल्या टी-पेशींवर 'सीडी-२८' नावाचा एक खटका असतो, तो हे औषध दाबत असे. उंदरांना त्याच जातीचे प्रतिपिंड टोचले, तेव्हा भांडखोर पेशींना आवर घालणाऱ्या पेशीच भराभर वाढल्या. सुजलेल्या सांध्यांना उतार पडला. माकडांनाही औषध बाधले नाही. संधिवातावर रामबाण सापडला, असेच कुणालाही वाटले असते.

१३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सहा धडधाकट तरुणांना ते टोचले. मात्रा माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेवा हिस्सा. दीड तासाच्या आत डोकी ठणकू लागली, ताप चढला. दुसऱ्या दिवशी सहाही जण अतिदक्षता विभागात! सारे वाचले हे नशीब. पण एकाला पायांची बोटे गमवावी लागली.

दोष उंदराचा नव्हे. माणसाच्या रक्तात जुन्या दुखण्यांची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी पुष्कळ असतात. लहानपणापासूनचे ताप, खोकले, पडशी सारे त्यांच्या लक्षात. खटका दाबताच त्या खवळून उठल्या. सोवळ्यातल्या उंदराला आठवायला होतेच काय? माकडाच्या तर त्या पेशींवर तो खटकाच नव्हता. हे कळले, पण पुढे.

२०१९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांचे गर्भ मोकाट उंदरिणींच्या पोटी वाढवले. पिल्ले वंशाने तीच. पण आईचे जंतू अंगावर घेऊन जन्मलेली. त्यांना तसलेच प्रतिपिंड टोचले. आवर घालणाऱ्या पेशी काही वाढल्या नाहीत. उलट लंडनच्या त्या तरुणांच्या रक्तात उसळले तसलेच दाहक द्रव्यांचे मोहोळ त्या पिल्लांच्या रक्तात उठले.