भविष्याशी लढणारा हेरपट

क्रिस्टोफर नोलन यांचा ‘टेनेट’ हा हेरपट भारतात ४ डिसेंबर २०२० रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा महाराष्ट्रातील चित्रगृहे उघडून जेमतेम महिना लोटला होता आणि निम्म्या खुर्च्या सरकारी आदेशानुसार रिकाम्या ठेवायच्या होत्या. महासाथीने कंबरडे मोडलेला जगभरचा चित्रगृह-व्यवसाय या एका चित्रपटाकडे डोळे लावून बसला होता. सुमारे २० कोटी डॉलर खर्चाची ही कृती लोकांना पुन्हा अंधाऱ्या सभागृहात खेचून आणील, ही अपेक्षा फोल ठरली. भारतातील प्रदर्शनाच्या आदल्याच दिवशी वॉर्नर ब्रदर्स या तिच्या निर्मात्या कंपनीने २०२१ सालचे आपले सर्व चित्रपट अमेरिकेत चित्रगृहांबरोबरच घरच्या पडद्यावरही दाखविण्याचे जाहीर केले. नोलन यांनी त्यावर उघड टीका केली आणि पुढचा ‘ओपेनहायमर’ (२०२३) दुसऱ्या कंपनीसाठी केला. भांडवलाला चित्रगृहाबद्दल ममत्व असते, ते तिकीटविक्रीचे आकडे चढते असेतोवरच.

तरीही हा चित्रपट पाहावा तो मोठ्याच पडद्यावर. त्याचे चित्रण ७० मिलिमीटर आणि आयमॅक्स फिल्मवर झाले आहे. इमारतीवर आदळणारे विमान हे खरोखरीचे जुने बोइंग ७४७ आहे. एखाद्या वस्तूची एंट्रॉपी, म्हणजे तिच्यातील विस्कळीतपणाचे माप, उलटवता आले तर ती वस्तू काळातून मागे प्रवास करील, या कल्पनेवर सारा डोलारा उभा आहे. झाडलेली गोळी भिंतीतून निघून बंदुकीत शिरते. उलथून पडलेली मोटार आपण होऊन चाकांवर उभी राहते. पाँपेईच्या अवशेषांत सापडलेल्या लॅटिन शब्दचौकटीतून घेतलेले शीर्षकही दोन्ही बाजूंनी सारखेच वाचले जाते. ‘चिमा काय कामाची’ म्हणताना मराठी मुलांना जी गंमत वाटते, तीच येथे अडीच तास चालते. फक्त फार महाग पडते.

घरी बसलेला प्रेक्षक चित्रपट थांबवतो, मागे नेतो, खालची अक्षरे वाचतो आणि कथानक अधिक समजून घेतो. सभागृहात ती सोय नाही. निम्मे संवाद तर पार्श्वसंगीताच्या गदारोळात बुडून जातात. पण तेथे न समजणे हे शेजाऱ्याबरोबर वाटून घेता येते आणि मध्यंतरात अनोळखी माणसे एकमेकांना खुलासे विचारू लागतात. गिरणगावच्या एकपडदा चित्रगृहांत पाळी संपवून पुढच्या स्वस्त बाकांवर बसणाऱ्या कामगाराला हे सुख परवडत असे. आज मल्टिप्लेक्सच्या दरात चौघांचे कुटुंब चित्रपटाला नेणे म्हणजे कित्येक घरांत आठवड्याच्या भाजीपाल्याला कात्री लावणे होय.

नोलन यांची नजर तीक्ष्ण आहे, हे मान्य करावे लागेल. ऑस्लोच्या विमानतळावरील करमुक्त गोदामात धनिकांची चित्रे कुलूपबंद ठेवलेली ते दाखवतात. जिनिव्हासारख्या ठिकाणी अशी गोदामे खरोखरच आहेत. कलाकृती आत पडून असेतोवर तिच्यावर आयातकर लागत नाही. खलनायक सेटर हा सोव्हिएत काळातील एका बंदिस्त शहराच्या ढिगाऱ्यातून प्लुटोनियम उकरून धनाढ्य झालेला शस्त्रव्यापारी. २०१९ च्या सप्टेंबरात चित्रित झालेली मुंबई आपल्यासमोर येते ती दुसऱ्या एका शस्त्रव्यापाऱ्याच्या उंच इमारतीतून. नायक दोरीच्या झेपेने तिथे पोचतो, तेव्हा खरा व्यवहार नवऱ्याच्या नव्हे, पत्नी प्रियाच्या हाती असल्याचे त्याला कळते. डिंपल कपाडिया यांनी ती भूमिका इतक्या थंड सभ्यतेने केली आहे की, हा धंदा प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात कसा चालत असेल याची कल्पना यावी.

मात्र हे सारे पाहूनही चित्रपट त्याविषयी प्रश्न विचारत नाही. वॉटरगेटनंतरच्या अमेरिकेत ‘थ्री डेज ऑफ द काँडॉर’ (१९७५) सारखे हेरपट निघाले, तेव्हा नायकाला संशय होता तो स्वतःच्याच गुप्तहेर खात्याचा, आणि कारस्थानाच्या मुळाशी होते मध्यपूर्वेतील तेल. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटची चर्च समिती सीआयएच्या कारवाया तपासत होती. ‘टेनेट’च्या नायकाला असा संशय शिवत नाही. ज्या गुप्त संघटनेसाठी तो लढतो ती पुढे त्यानेच स्थापन केलेली असते, म्हणजे तो स्वतःचाच नोकर आणि स्वतःचाच मालक. त्याला जाब विचारणारी संसद नाही, न्यायालय नाही, वृत्तपत्रही नाही. अखेरीस तो प्रियाला मोटारीत गोळी घालतो आणि कथा त्याला न्याय म्हणून पुढे जाते.

सर्वांत गंभीर बाब याहून वेगळी आहे. सेटरला उलटी शस्त्रे पुरविणारा शत्रू कोणी परकी सत्ता नसून आपलेच वंशज आहेत. समुद्र चढले, नद्या आटल्या, म्हणून ते आपल्या पूर्वजांवर उलटले, असे एका संवादात ओझरते सांगून टाकले जाते. अडीच तासांतील हे सर्वांत मोठे विधान, आणि त्याच्या वाट्याला वेळ येतो तो एखाद्या मोटारीच्या पाठलागापेक्षाही कमी! प्रेक्षकाने टाळ्या द्यायच्या त्या नद्या आटविणाऱ्या पिढीच्या विजयाला. ज्यांच्या तहानेतून हे युद्ध पेटले, त्या वंशजांपैकी एकही जण पडद्यावर येत नाही. त्यांची बाजू मांडतो तो सेटर, आणि तोही असाध्य कर्करोग जडलेला, जाताना सारे जग बरोबर नेऊ पाहणारा.